कुपीमागचा घोडा

कोकणात तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, आणि चावला तर 'पान लागलं' म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका मार्च महिन्यात माझ्या आत्याला पान लागलं. भाजावळीसाठी ती सड्याच्या कडेला पातेरा गोळा करत होती. दगडाआडून करकर असा आवाज आला, तो तिने ऐकला, पण तोवर हात पुढे गेला होता. फुरसं होतं, हातभर लांबीचंही नसेल.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळीला हात न लावता 20 मिनिटं तशीच ठेवली. नंतर नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. विषाने रक्ताची गोठण्याची ताकदच संपवली होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मग एकेक कुपी उघडायची, तिच्यातली पांढरी पूड विरघळवायची आणि सलाइनमधून द्यायची, असं रात्रभर चाललं. 18 कुप्या लागल्या. सहाव्या दिवशी आत्या घरी आली आणि हातपाय धुऊन आधी गोठ्यात गेली.

त्या कुप्यांमध्ये घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी प्रथिनं होती. मला ते माहीत होतं, तिला नव्हतं. पुढे कधीतरी बोलण्याच्या ओघात तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग त्या घोड्याचं पुढे काय केलं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की ते बहुधा लिपस्टिक आणि शांपूपासून सुरू होतं. सशाला मान तेवढी बाहेर राहील अशा पेटीत अडकवायचं, डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती सुजतो, बुबुळ किती गढूळ होतं, याला गुण द्यायचे, ही चाचणी अमेरिकेत 1944 मध्ये रूढ झाली आणि जगभर पसरली. तिच्याविरुद्ध लोक उभे राहिले, कंपन्यांना लाजवलं, पर्यायी पद्धती शोधायला भाग पाडलं. युरोपीय संघाने 2013 मध्ये अशी तपासलेली प्रसाधनं विकायला बंदी केली. भारताने 2014 मध्ये प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करणं थांबवलं आणि त्याच वर्षी बाहेर तशी तपासलेली प्रसाधनं आयात करणंही थांबवलं. हे चांगलंच झालं. नवं काजळ बाजारात आलं नाही म्हणून कोणाचा जीव जात नाही, त्यामुळे तो निर्णय घेताना कोणाला फार मोठी किंमत मोजावी लागली नाही.

पण या सोप्या निर्णयाने एक घोटाळा करून ठेवला. आपण मनात एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे चैन, पलीकडे गरज. चैनीसाठी जनावराला त्रास देऊ नये, यावर सगळ्यांचं एकमत. आणि औषध, लस, उपचार म्हटलं की 'गरज' हा शब्द उच्चारायचा आणि पुढचं काही विचारायचं नाही. मला वाटतं, खरे प्रश्न त्या रेघेच्या पलीकडेच आहेत. गरज आहे, असं म्हणून काम संपत नाही. ती कोणाची, किती, केव्हापर्यंत आणि दुसरी वाट शोधून झाली का, हे दर वेळी नव्याने आणि चारचौघांत सिद्ध करावं लागलं पाहिजे. सिद्ध करण्याचा भार जनावर वापरणाऱ्यावर असला पाहिजे. जनावराला तर बोलताच येत नाही.

गरज कशी सैल होत जाते, याचं उदाहरण आपल्याच देशात घडलं आहे. 1950 च्या दशकात भारतातून ऱ्हीसस माकडं परदेशी जायची. पोलिओची लस बनवायला आणि तपासायला माकडांची मूत्रपिंडं लागत, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला लाखाच्या वर माकडं पकडून पाठवली गेली. पोलिओने लुळे पडलेले पाय ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना ती गरज खोटी होती असं कोणी सांगू नये. 1955 मध्ये लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली, देशात संताप उसळला, आणि निर्यात पुढे चालू ठेवताना सरकारने अट घातली की माकडं वैद्यकीय संशोधनासाठी आणि लशींसाठीच वापरायची. पुढे वीसेक वर्षांनी उघड झालं की अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत याच माकडांवर किरणोत्सर्गाचा मारा करून ती फिरत्या पट्ट्यावर किती वेळ धावू शकतात, हे पाहिलं जात होतं. प्रश्न होता न्यूट्रॉन बॉम्बचा, म्हणजे मुख्यतः किरणोत्सर्गाने माणसं मारणाऱ्या बॉम्बचा. मोरारजी देसाई तेव्हा पंतप्रधान होते. 1 एप्रिल 1978 पासून माकडांची निर्यात बंद झाली.

पोलिओच्या नावाने उघडलेलं दार कोणी वेळेवर लावलं नाही, म्हणून बॉम्ब आत आला. दारावर पहारा ठेवायला कोणी नव्हतं. कागदावरची अट होती, पण ती पाळली जाते का, हे बघणारं माणूस नव्हतं.

दुसरं उदाहरण प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं. माझ्या पिढीला लहानपणी याच वाक्याने घाबरवलेलं आहे. ती लस 1911 मध्ये कसौलीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड सेंपल यांनी तयार केली. मेंढीला रेबीजचा संसर्ग करायचा, ती आजारी पडली की मारायची, मेंदू काढून वाटायचा आणि त्यातला विषाणू निष्क्रिय करून माणसाच्या पोटात टोचायचा. मेंदूचा तो अंश अंगात गेल्याने काही रोग्यांना लकवा होत असे, आणि काही त्यातच जात. 1980 च्या दशकापर्यंत पेशींवर वाढवलेल्या विषाणूच्या लशी जगात उपलब्ध झाल्या होत्या. त्या जास्त गुणकारी होत्या, दंडात घेता येत होत्या आणि त्यांच्यासाठी मेंढी मारावी लागत नव्हती. त्यातल्या एका पद्धतीत ज्या पेशी वापरतात, त्या 1962 मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून वेगळ्या केलेल्या आहेत. त्या पेशी प्रयोगशाळेत अजून वाढताहेत.

तरीही आपल्या सरकारी दवाखान्यांत मेंढीच्या मेंदूची लस 2004-05 पर्यंत चालू राहिली. ज्याच्या खिशात पैसे होते तो बाजारातून नवी लस विकत घेऊन दंडात टोचून घ्यायचा. ज्याच्याकडे नव्हते तो पोटावर पालथा हात ठेवून चौदा दिवस रांगेत उभा राहायचा. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं मेंढ्या मारल्या गेल्या त्या गरज होती म्हणून नव्हे. मेंढी स्वस्त होती आणि तो रोगीही स्वस्त होता, म्हणून.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण या वादात नेहमी माणूस आणि जनावर एकमेकांसमोर उभे केले जातात. तुम्हाला पोर प्यारं की उंदीर, असं विचारतात. प्रत्यक्षात मी जितक्या गोष्टी नीट वाचल्या तितक्यांत गरीब माणूस आणि जनावर एकाच रांगेत उभे दिसले. जिथं जनावराचा हिशेब कोणी विचारत नाही, तिथं त्या औषधाच्या टोकाला बसलेल्या माणसाचाही विचारत नाही.

आता सापाच्या लशीकडे येतो. खेड्यात तिला लसच म्हणतात. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक खेड्यातली, बरीचशी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. भात लावताना, गवत कापताना, अंधारात परसाकडे जाताना. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. पहाटे पोटात दुखतं म्हणून तो उठतो, पापण्या जड होतात, आणि काय झालं हे कळेपर्यंत श्वास बंद पडायला लागतो. या माणसांसाठी आज लशीशिवाय दुसरं खात्रीचं औषध नाही. ज्यांना वाटतं की प्राण्यांचा वापर उद्यापासून सरसकट बंद करावा, त्यांनी श्रावणातल्या एखाद्या रात्री ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मग ते म्हणावं. मी त्यांच्या बाजूने नाही.

पण लस कशी बनते ते पाहा. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, 1978 पासूनची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप ते पकडतात, काही आठवडे मडक्यांत ठेवतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि परत सोडून देतात. देशातल्या लशीसाठी लागणारं बहुतेक विष वर्षानुवर्षं तिथून आलं आहे. ते विष कंपन्यांकडे जातं. घोड्याला आधी अगदी थोडं, मग हळूहळू वाढवत टोचतात. महिनोन्‌महिने. टोचलेल्या जागी सूज येते, कधी गळू होतं. घोड्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढतात. शहाणपणाने चालवलेल्या जागी रक्तातला द्रव तेवढा ठेवून लाल पेशी घोड्याला परत देतात. जिथं तसं होत नाही किंवा रक्त फार लवकर लवकर काढलं जातं, तिथं घोडा अशक्त होत जातो. काढलेल्या द्रवातून प्रतिपिंडं वेगळी करून, शुद्ध करून, गोठवून सुकवतात. तीच कुपीतली पूड.

घोड्यानंतर उंदीर येतात. तयार झालेली लस खरंच विष मारते का, हे ठरवायला विष आणि लस मिसळून पांढऱ्या उंदरांना टोचतात. लशीचं प्रमाण कमी-जास्त ठेवलेले गट असतात, आणि किती उंदीर जगले यावरून लशीचं बळ मोजतात. ज्या गटात लस कमी पडते तिथले उंदीर विषाने मरतात. नागाच्या विषाने श्वास थांबून, घोणसाच्या विषाने आतल्या आत रक्तस्राव होऊन. म्हणजे माझ्या आत्याला जे होणार होतं, ते त्यांना झालं. चाचणीची रचनाच अशी आहे की काहींनी मरायचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना उंदरांना वेदनाशामक द्यायला आणि मरेपर्यंत वाट न पाहता आधीच थांबायला सांगतात. शक्य तिथं काचेच्या नळीत प्रतिपिंडं मोजून उंदरांची संख्या कमी करता येते, हेही संशोधकांना ठाऊक आहे.

इतकं सगळं करून हाती येणाऱ्या लशीने निदान आपलं काम पुरं करावं. भारतीय मानकानुसार एक मिलीलीटर लशीने नाग आणि घोणस यांचं प्रत्येकी 0.6 मिलीग्रॅम आणि मण्यार व फुरसं यांचं प्रत्येकी 0.45 मिलीग्रॅम विष निष्प्रभ केलं पाहिजे. पण कुठल्या नागाचं, कुठल्या घोणसाचं? सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. एकाच जातीचा साप तामिळनाडूच्या किनाऱ्यावर एक मिश्रण बाळगतो आणि दुसऱ्या हवामानात, दुसऱ्या भक्ष्यावर जगताना वेगळं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे, आणि एका भागातल्या विषावर बनवलेली लस दुसऱ्या भागातल्या विषापुढे तोकडी पडते, हेही. तोकडी पडली की डॉक्टर काय करणार? आणखी कुप्या देणार. आणखी कुप्या म्हणजे आणखी घोडे, आणि रोग्याच्या अंगात घोड्याची आणखी प्रथिनं, म्हणजे अंगावर पित्त उठण्यापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत सगळे धोके वाढले.

इथं पुन्हा तीच रांग. प्रादेशिक विष गोळा करायची चांगली व्यवस्था उभारली, लस त्या त्या भागासाठी सुधारली, तर रोग्याला कमी कुप्या लागतील आणि घोड्याचं रक्तही कमी काढावं लागेल. ते झालेलं नाही, कारण घोडा आणि शेतमजूर दोघांच्याही वतीने भांडणारं कोणी नाही. प्राणिमित्र घोड्याबद्दल बोलतात, आरोग्य चळवळीतले शेतमजुराबद्दल. दोघांनी एका टेबलाशी बसावं असं मला मनापासून वाटतं. कमअस्सल औषधासाठी जनावर वेठीला धरणं यात विज्ञानाची जेवढी चूक आहे तेवढीच नीतीची आहे.

काही वैज्ञानिक मित्र म्हणतात की प्राण्यांवरच्या चाचण्यांमुळेच माणूस सुरक्षित राहिला, त्यावर शंका घेऊ नका. काही प्राणिमित्र म्हणतात की त्या चाचण्या निरुपयोगीच आहेत. दोन्ही म्हणणी मला पटत नाहीत. 2006 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात एका नव्या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत सहा धडधाकट तरुणांचे अवयव काही तासांत निकामी व्हायला लागले. त्यांना दिलेल्या मात्रेच्या 500 पट मात्रा माकडांनी आधी सहज पचवली होती. म्हणजे माकड माणूस नव्हे. उलट आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणू संस्थेत, 2020 मध्ये 20 ऱ्हीसस माकडांवर कोरोनाची देशी लस तपासली. टाळेबंदीत माकडं मिळेनात, तेव्हा महाराष्ट्राच्या वनखात्याने ती नागपूरच्या परिसरातून मिळवून दिली. पाच-पाचच्या चार गटांपैकी तीन गटांना लस दिली, एकाला नुसतं पाणीवजा औषध, आणि मग सगळ्यांना विषाणूचा संसर्ग केला. लस मिळालेल्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला नाही, न मिळालेल्यांच्या आढळला. ती लस मी घेतली आहे. त्या वीस माकडांविषयी मला कृतज्ञता वाटते आणि अपराधही वाटतो, आणि यातलं एक खोडून दुसरं ठेवायची मला इच्छा नाही.

आणि प्राणी नकोत तर मग कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईत 1896 ला प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत काही महिन्यांत लस तयार केली. आधी ती सशांवर पाहिली, मग 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. परळच्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो तुरुंग मला विसरता येत नाही. कैदी राजी होते असं म्हणतात. गजाआड असलेल्या माणसाच्या राजीपणाला किती अर्थ असतो? पन्नास वर्षांनी नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर 1947 मध्ये न्यूरेंबर्गची संहिता लिहिली गेली. माणसाची संमती ही तिची पहिली अट. आणि माणसावरचा प्रयोग आधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधाराने आखलेला असावा, हीही तिचीच एक अट. कैदी, वेडे, गुलाम, वसाहतीतले लोक यांच्या जागी ससा आणि माकड आले, असा तो इतिहास आहे. म्हणूनच ती जागा घाईघाईने रिकामी करायला मी तयार नाही. रिकाम्या जागी कोणाला ढकललं जाईल हे मला दिसतं. पण जो आपल्या जागी उभा राहिला, त्याच्याशी आपण कसं वागलो, हा प्रश्न त्याने आणखी तीव्र होतो.

लहानपणी ऐकलेली एकनाथांची गोष्ट अशा वेळी आठवते. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. कीर्तनकार ती भूतदयेची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यातली वेगळीच बाब दिसते. कावड नाथांनी स्वतःच्या खांद्यावरून आणली होती. इतक्या लांबच्या वाटचालीचं पुण्य त्यांनी स्वतःच्या पदरचं दिलं. आपण औषधासाठी जे देतो ते दुसऱ्याच्या पदरचं असतं, घोड्याच्या आणि उंदराच्या. निदान ते किती दिलं, याची नोंद ठेवणं एवढं तरी आपल्या पदरचं असावं.

नोंदीचं काय चाललं आहे? कायदा आपल्याकडे आहे आणि त्यातला विचार चांगला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, त्यातून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. प्रयोग जिथं टाळता येतील तिथं टाळावेत, वेदना होणार असेल तर भूल द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. देखरेखीसाठी केंद्रीय समिती आहे, 1998 चे नियम आहेत, प्रत्येक प्रयोगशाळेत नैतिकता समिती आहे. प्राण्यांची संख्या कमी करणं, त्रास कमी करणं, पर्याय वापरणं, ही तीन तत्त्वं 1959 मध्ये मांडली गेली आणि पुढे जगाने मानली. आपल्या समितीने त्यात चौथं घातलं, पुनर्वसनाचं. काम संपल्यावर त्या जनावराच्या पुढच्या आयुष्याची सोय करणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या नियमांत आहे, हे कळलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं.

मग मी कायद्याचं कलम 20 वाचलं. समितीचे आदेश मोडले किंवा अटींचा भंग केला तर दंड किती? 200 रुपयांपर्यंत. 1960 साली 200 रुपयांना काही वजन होतं. आज लशीची एक कुपीही तेवढ्यात येत नाही. आणि नैतिकता समितीत बहुतेक सदस्य त्याच संस्थेतले असतात. ते वाईट माणसं असतात असं मला म्हणायचं नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला 'तुझ्या प्रयोगाला इतके उंदीर लागत नाहीत' असं सांगणं कोणत्याही कार्यालयात अवघड असतं, तसंच तिथंही असणार.

ब्रिटनमध्ये दर वर्षी सरकार जाहीर करतं की प्राण्यांवर किती प्रयोग झाले, कोणत्या जातीच्या, कशासाठी, आणि त्यात त्रास सौम्य होता की तीव्र. 2022 चा आकडा 27 लाख 60 हजारांच्या आसपास होता. त्या आकड्यावर तिथं दर वर्षी वाद होतो. व्हायलाच हवा. आपल्याकडे एवढा मोठा औषध उद्योग आहे, जगाला लशी पुरवणारं पुणे आपलंच, आणि तरी एखाद्या सामान्य वाचकाला विचारावंसं वाटलं की गेल्या वर्षी किती उंदीर, किती ससे, किती घोडे, तर तो कोणाच्या दाराशी जाणार? मला हवी असलेली पहिली गोष्ट हा आकडा आहे. जातवार, कामवार, दर वर्षी, मराठी वर्तमानपत्रात छापता येईल इतक्या सोप्या भाषेत. लोकांना हे सांगितलं तर ते विज्ञानाच्या विरोधात जातील, ही भीती मला लोकांचा अपमान वाटते. आमच्या गावात ज्या घरातून कोणाला ना कोणाला लशीने वाचवलं नाही असं घर विरळ. ती माणसं घोड्याची गोष्ट ऐकून लस बंद करा म्हणणार नाहीत. घोड्याला नीट ठेवा म्हणतील.

दुसरी गोष्ट, पर्याय मान्य झाल्यावर जुनी पद्धत बंद करायची तारीख त्याच दिवशी ठरावी. इंजेक्शनात ताप आणणारे जिवाणूंचे अंश आहेत का, हे बघायला पूर्वी सशाला औषध टोचून त्याचा ताप मोजत. औषधांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय औषधकोशाच्या 2018 च्या आवृत्तीने त्या जागी प्रयोगशाळेतल्या चाचण्या आणल्या. 2023 मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशी, सूक्ष्म अवयवप्रतिकृती आणि संगणकी पद्धतींना जागा दिली गेली. दिशा बरोबर आहे. पण 'वापरता येईल' आणि 'वापरलंच पाहिजे' यांत मेंढीच्या लशीची वीस वर्षं मावली होती. आता पुन्हा तेवढी वाट पाहायची का?

कोणी म्हणेल, रविवारी मटण खाणाऱ्यांनी घोड्याविषयी का बोलावं. मी मटण खातो, आणि त्या बाबतीतही मला प्रश्न पडतात. पण एका जागी आपण कमी पडतो म्हणून दुसऱ्या जागी तोंड बंद ठेवायचं, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. त्याने बकऱ्याचंही भलं होत नाही आणि घोड्याचंही.

सापाविरुद्ध प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडं, संगणकावर रचलेली प्रथिनं, तोंडाने घ्यायची गोळी, यांवर काम चालू आहे. त्यातली काही उंदरांमध्ये यशस्वी झाली आहेत. उद्या ती माणसांपर्यंत आली तर घोडा मोकळा होईल. पण त्याची वाट न पाहता घोड्याचं ओझं कमी करणारा एक पर्याय आजच बाजारात मिळतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, चांगली बॅटरी, आणि जमिनीवर झोपणाऱ्यासाठी गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. 2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यातला पैसा लशीइतकाच या वस्तूंवरही खर्च झाला तर जो दंश झालाच नाही त्याला कुपी लागत नाही. प्राण्यांच्या हक्कांविषयी बोलणाऱ्या मंडळींनी मृगाच्या आधी भातशेतीच्या गावांत गमबूट वाटले, तर ते मला घोड्यांसाठी काढलेल्या मोर्चाइतकंच मोलाचं वाटेल.

आत्याची दवाखान्याची फाइल अजून घरी आहे, तांदळाच्या पत्र्याच्या डब्यामागे, शिधापत्रिकेच्या पिशवीत. त्यात दिलेल्या कुप्यांचा बॅच क्रमांक नर्सबाईंनी निळ्या शाईने लिहून ठेवला आहे. चांगल्या उत्पादनपद्धतीत लशीच्या प्रत्येक बॅचचा माग कोणत्या घोड्यांच्या रक्तापासून ती बनली इथपर्यंत ठेवावा लागतो. त्या घोड्यांचं वय, त्यांना दिलेली टोचणी, कधी कधी किती रक्त काढलं, पुढे ते कुठं गेले, हे सगळं कुठल्या तरी वहीत असायला हवं. क्रमांक आमच्याकडे आहे. ती वही उघडून दाखवायला सांगण्याचा हक्क मात्र अजून आमच्याकडे नाही.